तीनदा विचारणारी नर्स

आमच्याकडे कॉफी विचारली की पहिल्यांदा 'नको' म्हणायचं असतं. दुसऱ्यांदाही नकोच, पण जरा हळू आवाजात. तिसऱ्यांदा विचारलं की 'बरं, अर्धा कप' म्हणायचं आणि मग निवांत तीन कप प्यायचे. हे कोणी कोणाला शिकवत नाही. आमचे पणजोबा फिनलंडहून इथल्या तांब्याच्या खाणींत कामाला आले, तेव्हा बोचक्यातून जे काही आलं त्यात हेही होतं. खाणी बंद पडल्या, घरात बोलायची भाषा इंग्रजी झाली, 'नको' मात्र तसंच राहिलं.

माझी मुलगी सेन्या हिच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा निर्णय या 'नको'पाशी अडकला आणि सुटलाही तिथेच, म्हणून सुरुवात तिथून केली.

सेन्या आता सदतीस वर्षांची आहे. आमच्याच रस्त्यावर, चार घरं सोडून, एका केसाळ कुत्र्याबरोबर राहते. लग्न केलेलं नाही. त्याबद्दल मला पुष्कळ बोलता येईल, पण तिने ते बोलायला मनाई केली आहे. नर्स होऊन तिला चौदा वर्षं झाली. पहिली नऊ वर्षं ती दीड तासावरच्या मोठ्या इस्पितळात अतिदक्षता विभागात होती. तिचे वडील, म्हणजे माझा नवरा डेल, तेव्हा जिल्ह्याची बर्फ काढायची गाडी चालवायचे. वादळ असलं की पहाटे बाप पुढे बर्फ उडवत चाललाय आणि मुलगी त्याच्या मागच्या दिव्यांवर नजर ठेवून आपली छोटी गाडी हाकतेय, असे ते दोघं कामावर जायचे. मी खिडकीतून दोन्ही दिवे दिसेनासे होईपर्यंत बघायची आणि नंतर पुढचे दीड तास फोनकडे. पाच वर्षांपूर्वी ती गावातल्या छोट्या इस्पितळात आली. त्या दिवसापासून माझा रक्तदाब सुधारला. हे तिनेच मोजून सांगितलं.

तिचा स्वभाव कळावा म्हणून एक जुनी गोष्ट सांगते. कॉलेजच्या पहिल्या वर्षी ती नोव्हेंबरातल्या सणाला खोलीतल्या मैत्रिणीच्या घरी गेली होती, मोठ्या पुलापलीकडे. त्या बाजूच्या लोकांना आम्ही 'पुलाखालचे' म्हणतो, कारण नकाशात ते पुलाच्या खाली येतात आणि गोष्टींतले राक्षसही पुलाखाली राहतात. प्रेमानेच म्हणतो. तर मैत्रिणीच्या आईने टर्कीचं ताट पुढे केलं. "घेणार का गं?" सेन्या म्हणाली, "नको." ताट पुढे गेलं. बटाटे आले, "नको." तेही गेले. भोपळ्याचं गोड पक्वान्न आलं आणि तेही तसंच गेलं. रविवारी संध्याकाळी ती घरी आली ती अंगातला कोटही न काढता ओट्याशी उभी राहून चार पास्ट्या खाऊन मोकळी झाली. आमची पास्टी म्हणजे मांस-बटाटा भरलेली तळहाताएवढी जाड करंजी. एकीत माणसाचं पोट भरतं.

"काय गं," डेल म्हणाला, "त्यांच्याकडे जेवण नव्हतं?"

"होतं की. पण एकदाच विचारतात."

"मग हो म्हणायचंस."

"पहिल्यांदाच?" सेन्या म्हणाली. जणू बापाने तिला खिसा कापायला सांगितलं होतं.

तर ही अशी मुलगी. मागच्या वर्षी हिने नर्सिंगमधली डॉक्टरेट करायची ठरवली. ही डॉक्टरेट जाडजूड प्रबंधाची नसते, कामाची असते. ती घेतलेली नर्स स्वतः रोगी तपासते, निदान करते, औषध लिहून देते. आमच्या भागात डॉक्टर येतात, दोन हिवाळे बघतात आणि जातात, त्यामुळे अशा नर्सची वाट सगळेच बघत असतात. पण अर्जातच विषय निवडावा लागतो आणि एकदा निवडला की बदलणं जवळजवळ अशक्य. परीक्षा त्याच विषयाची, परवाना त्याच विषयाचा, हजारावर तासांचं प्रत्यक्ष कामही त्याच विषयात. अर्जावर नऊ चौकटी होत्या. भूल देणं, सुईणपण, नवजात बाळं, मुलं, स्त्रियांचं आरोग्य, मनाचे आजार, संपूर्ण कुटुंब, प्रौढ आणि वृद्धांची नेहमीची देखभाल, प्रौढांची अतिदक्षता. एकाच चौकटीत खूण करायची. अर्जाची मुदत एक फेब्रुवारी.

मी एकोणतीस वर्षं शाळेत ग्रंथपाल होते. विद्यार्थी संपले तेव्हा शाळा बंद झाली, पण सवयी बंद होत नाहीत. मी नऊ विषयांची नऊ कार्डं केली. वर्षं किती, परीक्षा कोणती, नोकरी कुठे, घरापासून किती मैल, हिवाळ्यात गाडी किती चालवावी लागेल. शेवटच्या रकान्याखाली लाल रेघ. कार्डं ठेवायला दुसरं काही मिळालं नाही म्हणून पाककृतींच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली.

"डोरीन," डेल एका रविवारी म्हणाला, "मी भट्टीतल्या धिरड्याची कृती शोधत होतो. डब्यात बाळंतपण निघालं."

"मागे बघ. अतिदक्षतेच्या मागे."

माझ्या हिशेबात पहिला नंबर भुलीचा होता. चार भिंतींच्या आतलं उबदार काम, पगार दुप्पट, आणि रोगी झोपलेला, म्हणजे अंगावर खेकसणार नाही. अडचण एकच. ते शिकायला तीन वर्षं पुलाखाली जाऊन राहावं लागणार आणि नंतरची नोकरीही बहुधा तिकडेच. पोर लांब जाईल हे मला दिसत होतं. पण ती आमच्यासाठी इथे अडकून राहिली तर ते मला जास्त लागलं असतं. म्हणून मी उठता बसता 'भूल घे, भूल घे' म्हणत होते.

"भूल तुलाच पडलीये," डेल म्हणायचा.

नोव्हेंबरात एका संध्याकाळी सेन्या आली, बूट काढले आणि म्हणाली, "ठीक आहे. भूल."

मी इतकी खूश झाले की काय सांगू. निसू भाजली. निसू म्हणजे वेलदोडा घातलेला, तीन पेडांच्या वेणीसारखा गोड पाव. सगळं घर घमघमलं. मी विचारलं, "कॉफी?" ती म्हणाली, नको. मी पुन्हा विचारलं. नको. तिसऱ्यांदा विचारलं तरी म्हणाली, "नको गं, खरंच नको."

आमच्या घरात तिसऱ्यांदा कॉफी कोणी नाकारली तर आम्ही आधी कपाळाला हात लावून ताप बघतो. पण मी पाव कापण्यात गुंग होते. ऐकलं आणि सोडून दिलं. डेलने मात्र मान वर करून तिच्याकडे बघितलं होतं. हे त्याने मला दोन महिन्यांनी सांगितलं. तो कुठलीही गोष्ट दोन महिन्यांनीच सांगतो.

भूल ठरली खरी, पण अर्ज फ्रिजवर चुंबकाखाली तसाच राहिला आणि नऊच्या नऊ चौकटी कोऱ्याच. मी विचारलं की म्हणायची, "करते गं." डिसेंबर गेला. जानेवारी अर्धा झाला.

समोरच्या रेइनोंबरोबर आमची दर गुरुवारी कॉफी असते, कधी त्यांच्याकडे, कधी आमच्याकडे. जानेवारीतल्या त्या गुरुवारी आम्ही दोघी निसू घेऊन त्यांच्याकडे गेलो. रेइनो टेर्वो शहाऐंशी वर्षांचे आहेत. सगळं आयुष्य जंगलात झाडं तोडण्यात गेलं. त्यांची बायको आउने जाऊन सहा वर्षं झाली. एकटेच असतात. त्या सकाळीच त्यांना दवाखान्यातून चौकशीचा फोन येऊन गेला होता.

"काय विचारलं?" मी म्हटलं.

"छातीत दुखतं का, दम लागतो का, पाय सुजलेत का."

"मग?"

"नाही म्हटलं. भली पोरगी होती. तिचा वेळ कशाला खायचा."

मी लगेच सुरू झाले. झोप लागते का, जेवता का, औषधं घेता का, चक्कर येते का, काल काय खाल्लं. रेइनो प्रत्येकाला 'नाही' म्हणत गेले, जेवणाच्या प्रश्नालासुद्धा. सेन्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"आई, तू तीनदा नाही, तीस वेळा विचारतेस. ते सगळं मिळून एकदाच धरतात."

रेइनोंनी आम्हाला कॉफी ओतली. दोनदा नको, मग अर्धा कप, सगळं रीतसर झालं. त्यांचा स्वतःचा कप मात्र फडताळात पालथाच होता. मला तो दिसला नाही. सेन्याला दिसला.

"तुम्ही नाही घेत, रेइनो?"

"सकाळीच झाली."

"बरं. दुखतंय का काही?"

"नाही."

तिने विषय सोडला. या वर्षी मॅपलचं लाकूड किती ओलं आहे, शेवटपर्यंत पुरेल का, कुऱ्हाडीचा दांडा कुठे बदलून मिळतो, असलं काहीबाही पाच-सात मिनिटं चाललं. बोलताना तिची नजर खोलीभर फिरत होती. शेगडीपाशी खुर्ची, खुर्चीत उशी आणि पांघरूण. रेइनोंच्या पायात आउनेच्या जुन्या लोकरी सपाता, त्याही बाजूने कात्रीने कापून मोठ्या केलेल्या.

"नाताळचा खारा मासा संपला का?" तिने विचारलं.

"आहे अजून अर्धं पिंप. रोज थोडा खातो. टाकायचा कसा?"

"खरंय. आणि दुखत वगैरे नाही ना काही?"

"तसं काही नाही गं."

'नाही'चं 'तसं काही नाही' झालं होतं. पुन्हा तिने विषय सोडला. तिचा कुत्रा साळिंदराच्या मागे लागून नाकात काटे कसे भरून घेऊन आला, ते सांगितलं. रेइनो हसले आणि हसताना मध्येच थांबून त्यांनी श्वास घेतला. सेन्याने कप खाली ठेवला. मग अगदी कॉफी विचारावी त्या आवाजात ती म्हणाली, "त्रास होतोय का, रेइनो?"

त्यांनी शेगडीत एक लाकूड सरकवलं.

"बरं," ते म्हणाले, "थोडासा."

"थोडासा म्हणजे कसा?"

"आडवं झालं की छातीवर कुणीतरी येऊन बसतं. चार रात्री खुर्चीतच काढल्या. खुर्ची चांगली आहे तशी."

सेन्या जमिनीवर बसली, त्यांची सपात काढली आणि नडगीवर अंगठा दाबला. कणकेत बोट रुतावं तसा खड्डा पडला आणि तसाच राहिला. "चला," ती म्हणाली, "इस्पितळात जाऊ."

"आधी कॉफी संपव."

तिने उभ्याउभ्या एका घोटात संपवली. तिला माहीत होतं, कपात कॉफी ठेवून ते घराबाहेर पाऊल टाकणार नाहीत.

इस्पितळात नवीन डॉक्टर होता, तरुण, पुलाखालचा, चांगला मुलगा. त्याने विचारलं, "आजोबा, एक ते दहामध्ये त्रास किती?"

"दोन," रेइनो म्हणाले.

डॉक्टर लिहायला लागला. दारातून सेन्या म्हणाली, "आमच्याकडचे दोन आहेत ते, डॉक्टर."

"म्हणजे किती?"

"आठ."

"सात," रेइनो म्हणाले.

हृदय दमलं होतं आणि अंगात पाणी साठत होतं. रोजच्या खाऱ्या माशाने त्यात भर घातली होती. आठवड्याभरात पाच लिटर पाणी निघालं. सातव्या दिवशी रेइनो स्वतःच्या बुटांत पाय घालून घरी आले. माशाचं पिंप डेलने आधीच जप्त केलं होतं. तो डॉक्टर त्या आठवड्यापासून सगळ्यांना सगळं तीनदा विचारायला लागला. बर्फावरची मोटारसायकल उलटवून हात मोडून घेतलेला एक पाहुणा त्याच्यावर वैतागला, "अहो, मी पहिल्यांदाच हो म्हटलं होतं." पुलाखालचाच होता तो.

शनिवारी आमचा सौनाचा, म्हणजे वाफेच्या स्नानाचा दिवस. आधी आम्ही बायका जातो, मग डेल. बाहेर काळोख पडायच्या आधीच आम्ही दोघी वरच्या फळीवर जाऊन बसलो. मुदतीला आठ दिवस उरले होते. सौनात कोणी खोटं बोलत नाही असं म्हणतात. माझा अनुभव वेगळा आहे, पण तिथे पळून जायला जागा नसते हे खरं.

मी तापल्या दगडांवर पळीभर पाणी टाकलं. "भूलच ना?"

"हो."

एरवी मी लगेच पुन्हा विचारलं असतं, आणि मग पुन्हा, आणि मग परवान्याचं आणि भाड्याच्या घराचं. पण गुरुवार माझ्या डोक्यातून गेला नव्हता. मी ओठ घट्ट मिटले. रक्त खेळावं म्हणून अंगावर भूर्जाची डहाळी मारून घेतली. उन्हाळ्यात बटाटे कुठे लावायचे ते बोलले. मग म्हटलं, "भूलच?"

"सांगितलं ना, आई."

मी गप्प. मला गप्प बसायला किती कष्ट पडतात हे घरात सगळ्यांना माहीत आहे. दगड चरचरत होते. घाम डोळ्यांत जात होता. मी पायाची बोटं मोजली आणि पुन्हा मोजली.

"विचार," सेन्या म्हणाली.

"काय?"

"तिसऱ्यांदा."

मी तिच्याकडे न बघता विचारलं, "तुला भूल हवी आहे का, सेन्या?"

"नाही."

"मग त्या दिवशी हो का म्हणालीस?"

"मी दारातून आत आले तर तू पीठ आधीच मळून ठेवलं होतंस. फुगत होतं ओट्यावर. आता नाही कशी म्हणू?"

हे खरं होतं. नोव्हेंबरातल्या त्या दिवशी ती येण्याआधी दोन तास मी निसूचं पीठ मळलं होतं. उत्तर काय येणार ते मी ठरवूनच ठेवलं होतं.

"भूल दिलेलं माणूस बोलत नाही," ती म्हणाली. "मला बोलणारी आवडतात. म्हणजे न बोलणारी. रेइनोंसारखी. ते दुसऱ्या 'नाही'नंतर थांबतात ना, तिथे काय करायचं ते मला कळतं. त्या आठव्या, प्रौढ-वृद्धांच्या चौकटीतलं काम मला वाईट जमत नाही."

आमच्याकडे 'वाईट नाही' म्हणजे काय ते सांगायला हवं. माझ्या आईने माझ्या लग्नाबद्दल एवढंच म्हटलं होतं. याहून मोठा शब्द आमच्याकडे नाही.

तरी मी म्हटलंच, "मग कुटुंबाची चौकट घे. त्यात म्हातारेही येतात, मुलंही येतात. नोकरी कुठेही मिळेल."

"मुलाला दुखलं की ते भोकाड पसरतं, आई. त्याला तीनदा विचारावं लागत नाही. आणि गावात मुलं आहेत कुठे? तुझी शाळा कशाने बंद झाली?"

"आमच्यासाठी राहत असशील तर मला ते चालायचं नाही. आधीच सांगते."

"तुमच्यासाठी नाही. तुम्ही अजून त्या वयाचे नाही. रांग लावा."

आम्ही ओल्या केसांनी घरात आलो. तिने फ्रिजवरचा अर्ज काढला आणि उभ्यानेच पेनने आठव्या चौकटीत खूण केली. पेन इतक्या जोरात टेकवलं की खालच्या वर्तमानपत्रावर उमटलं.

"कोणती?" डेलने विचारलं.

"आठवी."

"ती दुप्पट पगाराची?"

"नाही."

"बरं," तो म्हणाला. "कॉफी?"

"नको."

"घे की."

"नको रे बाबा."

"सेन्या, कॉफी."

"बरं, अर्धा कप."

त्या संध्याकाळी तिने चार कप घेतले. मी मोजले.

आता वाटलं, संपलं. पण अर्जाबरोबर एक पत्र जोडायचं होतं, मला हा विषय का हवा आहे याचं. दोन पानं चालतील असं लिहिलं होतं. सेन्याने तीन ओळी लिहिल्या. 'मी चौदा वर्षं नर्स आहे. वृद्ध माणसांशी मला बऱ्यापैकी जमतं. हे शिकायला मिळालं तर माझी हरकत नाही.' मी म्हटलं, अगं वाढव थोडं. ती म्हणाली, यात सगळं आलं. आणि मलाही वाचताना तसंच वाटलं, हे कबूल करते. आमच्यापैकी कुणालाही ते पत्र तोकडं वाटलं नसतं.

मार्चमध्ये मुलाखत आली, संगणकावरून. नेमकं आदल्या दिवशी वादळ झालं आणि सेन्याच्या घरची तार तुटली, म्हणून ती आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसली. गुरुवार होता, म्हणजे रेइनोही आमच्याकडे कॉफीला. मी त्यांना आणि डेलला शेगडीपाशी बसवलं आणि सांगितलं, कप वाजवायचा नाही, खोकायचं नाही.

पडद्यावर विद्यापीठाच्या प्राध्यापक आल्या, डॉक्टर प्रेंटिस. गळ्यात निळा रुमाल, आवाज गोड. त्यांनी गुणांचं कौतुक केलं, शिफारसपत्रांचं कौतुक केलं. मग म्हणाल्या, "पण तुमचं पत्र वाचून आम्ही जरा बुचकळ्यात पडलो. आमच्याकडे बारा जागा आहेत आणि सत्तर अर्ज. तुम्हाला हा विषय मनापासून हवा आहे का?"

"हो," सेन्या म्हणाली. "तसं वाटतं."

प्रेंटिसबाईंनी चष्मा काढला.

"मोकळेपणाने सांगा. चार वर्षं फार कष्टाची असतात. जागा ज्याला खरोखर हवी त्याला मिळावी असं आम्हाला वाटतं. तुम्हाला यायचं आहे ना?"

"यायला हरकत नाही," सेन्या म्हणाली.

बाईंनी समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं आणि पान उलटलं. मी एक पाऊल पुढे टाकलं तसा डेलने माझा कोपर धरला. आणि तेवढ्यात मागून रेइनोंचा आवाज आला.

"बाई, दोनदा झालं. तिसरं राहिलंय."

पडद्यावरच्या बाई दचकल्या. "कोण बोललं?"

सेन्याचे कान लाल झाले होते. "माझे शेजारी."

"पेशंट," रेइनो म्हणाले आणि खुर्ची सरकवून सरळ पडद्यासमोर येऊन वाकले. त्यांच्या कपाळाखेरीज बाईंना काही दिसलं नसावं. "तुम्ही पुलाखालच्या, तुमची चूक नाही. तिला अजून एकदा विचारा. मला तिने तीनदा विचारलं म्हणून मी इथे कॉफी पितोय. दोनदा विचारून थांबली असती तर तुम्ही माझ्या जागी नुसती खुर्ची बघितली असती. खुर्ची चांगली आहे तशी."

मग प्रेंटिसबाईंनी चष्मा पुन्हा लावला, हनुवटी हातावर टेकली आणि म्हणाल्या, "सेन्या, तुम्हाला हे का शिकायचं आहे?"

आणि माझी मुलगी बोलायला लागली. भिंतीवरच्या घड्याळाकडे माझं लक्ष होतं. अकरा मिनिटं बोलली. फोनवर एकदाच विचारलेल्या प्रश्नांना आमची माणसं कशी 'नाही' म्हणतात ते सांगितलं. कापलेल्या सपाता आणि पालथा कप सांगितला. दोन आणि आठचं गणित सांगितलं, तेव्हा रेइनो मागून 'सात' म्हणाले. पहिल्या आणि दुसऱ्या प्रश्नाच्या मध्ये लाकडाबद्दल का बोलायचं ते सांगितलं, आणि दवाखान्याच्या प्रश्नपत्रकात हे बसवता आलं तर किती जणांच्या रात्री खुर्चीत जायच्या वाचतील तेही. तिच्या उभ्या आयुष्यात मी तिला सलग एवढं बोलताना ऐकलं नव्हतं. डेलने माझा कोपर सोडून दिला होता आणि आपलं नाक पुसत होता.

"शेवटच्या वर्षी प्रत्येकाला एक प्रकल्प करावा लागतो," बाई म्हणाल्या. "बहुतेकांना विषय सापडायला दोन वर्षं लागतात. तुमचा तयार आहे." मग त्या हसल्या. "तुम्हाला मला काही विचारायचं आहे?"

"नाही."

"काहीच नाही?"

"नाही, तसं काही नाही."

प्रेंटिसबाई थांबल्या. त्यांच्या खिडकीबाहेर ऊन होतं, त्याबद्दल काहीतरी बोलल्या. इकडे बर्फ किती आहे ते विचारलं. हुशार बाई. मग म्हणाल्या, "सेन्या, काही विचारायचं आहे का?"

"बरं, एक," सेन्या म्हणाली. "बाकी सगळं घरून, पण उन्हाळ्यात दोन आठवडे तिकडे वर्गाला यावं लागतं ना. तेव्हा जेवायला किती वेळा विचारतात?"

पत्र एप्रिलमध्ये आलं. बर्फ अजून खिडकीच्या अर्ध्यापर्यंत होता. डेलने ते चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाला, "वाईट नाही." रेइनोंनी ते हातात धरून उजेडात बघितलं. ते म्हणाले, "अजिबात वाईट नाही." यापलीकडे बोलणं त्यांच्या वयाला झेपणारं नव्हतं. मी निसू भाजली. या वेळी पीठ पत्र आल्यानंतर मळलं.

पत्राच्या मागे वर्गाच्या तारखा होत्या, आणि तिकडे जायचं म्हणजे पूल. पाच मैलांचा, वाऱ्यात हलणारा पूल. मी उठून पाककृतींचा डबा काढला आणि एक कोरं कार्ड घेतलं. सेन्या माझ्याकडे बघत होती.

"काळजी वाटतेय?" तिने विचारलं.

"छे."

तिने विषय सोडला. निसूचा तुकडा कॉफीत बुडवला. कुत्र्याला मागच्या दारातून आत घेतलं आणि त्याच्या पंजांतला बर्फ काढत बसली.

"काळजी वाटतेय का गं?"

"तसं काही नाही."

तिने माझ्यासमोर कप ठेवला. छपरावरून वितळलेलं पाणी टपटपत होतं, त्याबद्दल डेलशी काहीतरी बोलली. मग माझ्याकडे वळली आणि अगदी कॉफी विचारावी त्या आवाजात म्हणाली, "आई, काळजी वाटतेय?"

"बरं," मी म्हटलं, "अर्धा कप."